टी-शर्टवरच्या चित्राला अर्थ असायलाच हवा का?

रापणकार

नमस्कार मंडळी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासाठी टी-शर्टांचा पहिला लॉट काढायचा आहे. ६० नग, काळी कॉटन जर्सी, १८० जीएसएम (कापडाचं चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन), बायोवॉश केलेली, मापं एसपासून डबल एक्सएलपर्यंत. चित्रं दोन तयार आहेत, त्यांतलं एकच छापायचं आहे.

पहिलं चित्र: एका वर्तुळात ३२ आडव्या पांढऱ्या ओळी. मध्यभागी त्या डोंगरासारख्या उसळतात, कडेला सपाट होतात. एकच रंग. याला अर्थ काही नाही, नुसतं बघत राहावंसं वाटतं.

दुसरं चित्र: बांगड्याचा सांगाडा, त्याच्या पोटात पणजीचा अटल सेतू, शेजारी घुमट (मातीचं वाद्य), वर माड, मागे अझुलेजो (पोर्तुगीज रंगीत) टाइलची नक्षी. पाच रंग. इथे प्रत्येक गोष्टीला अर्थ आहे आणि तो सांगणारं छोटं कार्डही शर्टासोबत द्यायचा विचार आहे.

भागीदाराचं म्हणणं असं की गिऱ्हाईक शर्ट हातात घेऊन "हें कितें?" विचारतं, आणि उत्तर नसलं की तो परत घडीवर जातो. मला पहिलं चित्र जास्त दमदार वाटतं. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चित्राला अर्थ लागतोच का? पाच रंग स्क्रीननं (जाळीतून शाई दाबून) काढावेत की डीटीएफनं (फिल्मवर छापून उष्णतेने चिकटवून)? आणि पहिल्या चित्राला आता मागाहून एखादा अर्थ जोडला तर चालेल का?

स्क्विजी_फोंडा

रापणकार बाब, अर्थ लागतोच असं नाही. नियम मात्र लागतो. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यासमोर आणा. दारातल्या रांगोळीचा अर्थ कुणी विचारत नाही, पण एक ठिपका चुकला तर चालता माणूस थांबून बोट दाखवतो. किती ठिपके, रेघ कुठून वळणार, कुठे जुळणार हे ठरलेलं असतं, म्हणून ती डोळ्याला पटते. शर्टावरचं अर्थहीन चित्र फसतं तेव्हा बहुतेक वेळा त्यात नियमच नसतो. रेघा वाटेल तिथे जाड, वाटेल तिथे बारीक, अंतरं अंदाजाने. मग गिऱ्हाईक "हें कितें" विचारतं, कारण चित्र स्वतःहून काहीच ठामपणे सांगत नाही.

आता तुमच्या पहिल्या चित्राची खरी अडचण. काळ्यावर पांढऱ्या, एकाखाली एक, मध्ये उसळणाऱ्या ओळी म्हणजे सीपी १९१९ या पल्सरचा (ठरावीक वेळाने रेडिओ स्पंदनं देणाऱ्या ताऱ्याचा) आलेख. १९६७ साली सापडलेला हा पहिला पल्सर. त्याच्या स्पंदनांचा आलेख १९७९ साली एका इंग्लिश बँडच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर आला, तिथून शर्टांवर गेला आणि आज जगभर दिसतो. घालणाऱ्या बहुतेकांना तो ताऱ्याचा आलेख आहे हेच ठाऊक नसतं, म्हणजे अर्थ न कळताही चित्र चालतं याचा तो पुरावाच. पण त्या ओळी कुणी मनाने ओढलेल्या नाहीत. एक ओळ म्हणजे एक स्पंदन, आणि पुढच्या ओळीचा उंचवटा मागच्या ओळीला झाकतो. नियम पक्का आहे. तुमच्या वर्तुळातल्या ३२ ओळी बाजारातला दर तिसरा पर्यटक त्याच आलेखाची नक्कल समजेल. अर्थ नाही म्हणून चित्र कोरं राहत नाही. बघणारा ओळखीचा अर्थ आणून बसवतोच.

दुसऱ्या चित्रात उलट घोटाळा आहे. पाच गोष्टी, पाच अर्थ, पण आकार एकही नाही. शर्टाकडे माणूस दोन-तीन मीटरवरून, चालता चालता, दोन सेकंद बघतो. चे गेव्हाराचं चित्र घ्या. अल्बेर्तो कोर्दा यांनी १९६० साली काढलेला फोटो पुष्कळ करड्या छटांचा होता. १९६८ साली जिम फिट्झपॅट्रिक यांनी त्याचं सपाट दुरंगी चित्र केलं आणि मग तो शर्टांवर पसरला. काळा-पांढरा सपाट आकार एका स्क्रीनमध्ये निघतो, लांबून ओळखू येतो, वाईट छपाईतही टिकतो. क्रांतीचा अर्थ त्या आकाराच्या पाठीवर बसून गेला.

तपासायची रीत अशी: चित्र २८ सेंमी रुंद करून ए-थ्रीवर काळ्यात पांढरं छापा, टाचणीने शर्टाला लावा, कुणाला तरी घालायला द्या आणि तीन मीटरवरून डोळे बारीक करून बघा. माणसाचा डोळा तीन मीटरवर साधारण ०.९ मिमीचं अंतर वेगळं ओळखतो. दोन रेघांमधली फट त्याहून कमी असेल तर लांबून नुसता करडा पट्टा दिसेल. एक मिमीपेक्षा अरुंद फट ठेवूच नका, दीड मिमी ठेवली तर निश्चिंत. छापताना शाई थोडी पसरतेच.

छपाईचं सांगतो. काळ्या कापडावर पाच रंग म्हणजे खाली पांढरा बेस, म्हणजे सहा स्क्रीन. बेस छापून फ्लॅश करा (वरून उष्णता देऊन अर्धवट सुकवा), शाई हाताला चिकटेनाशी झाली की वरचे रंग. बेस चहूबाजूंनी पाव ते अर्धा मिमी आत घ्यायचा, नाहीतर रजिस्ट्रेशन (रंगांची जुळणी) केसभर हललं तरी पांढरी कड डोकावते. ६० नगांसाठी सहा स्क्रीन बनवणं, जुळवणं, धुणं म्हणजे सगळा खर्च तयारीत जातो. एक रंग असेल तर एक स्क्रीन, आणि बिघडलेले नगही कमी.

डीटीएफ पाच रंगांना सोपं. १५० ते १६० अंशांवर १२-१५ सेकंद दाब, फिल्म सोलून पुन्हा पाच-सात सेकंद दाब. पण ती छातीवर चिकटवलेली पातळ कातडीच असते. टाइलची नक्षी मागे भरून टाकलीत तर २८ बाय ३५ सेंमीचा तुकडा अजिबात श्वास घेणार नाही, आणि आपल्या दमट हवेत अर्ध्या तासात त्याच्या आत घामाचं डबकं होईल. डीटीएफ करायचंच असेल तर चित्र फोडा, मधून मधून कापड दिसू द्या. अर्ध्या मिमीपेक्षा बारीक रेघ तिथेही नको. तिच्यावर चिकटवणारी पावडर नीट धरत नाही आणि दोन-चार धुण्यांत ती उचलते.

आडव्या ओळींची एक खोड माहीत असू द्या. स्क्रीनचा धागाही आडवा-उभाच असतो. ओळ धाग्याला जवळजवळ समांतर गेली की कडेला करवतीचे दाते येतात. त्यावर उपाय म्हणजे पॉझिटिव्ह (चित्राची फिल्म) स्क्रीनवर १५-२० अंश तिरकी लावायची किंवा जाळी बारीक घ्यायची. पांढऱ्या प्लास्टिसॉलला (भाजून पक्की होणारी प्लास्टिकची शाई) इंचाला ११० धाग्यांची जाळी सर्रास वापरतात, पण एक मिमीच्या ओळीला १५० ते १६० घ्या आणि दोनदा स्क्विजी (शाई दाबायची रबरी पट्टी) मारा.

कावीतांबडी

स्क्विजीबाब, छपाईचं सगळं मान्य. "नियम असला की झालं" हे मात्र अर्धंच खरं आहे. आकार तुमचा स्वतःचा असेल तोवर ते पुरतं. दुसऱ्या कुणाची वस्तू उचललीत की तिचा अर्थ सोबत येतो, तुम्हाला हवा असो वा नसो. मग तो बरोबर असायला लागतो, आणि बरोबर असणं बारकाव्यात असतं.

रापणकारांचा बांगडाच बघा. तयार क्लिपआर्टमधला मॅकरेल उत्तर अटलांटिकचा असतो, पाठीवर आडवेतिडवे नागमोडी पट्टे असलेला. आपल्या बांगड्याच्या पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या काळसर रेघा असतात, बाजूच्या पंखाखाली एक काळा ठिपका असतो, आणि शेपटीआधी वर-खाली पाच-पाच बारके पंख. सांगाडा काढलात तरी ते बारके पंख आणि दुभंगलेली शेपटी हवीच. म्हापशाच्या बाजारात हा शर्ट लावणार असाल तर चार पावलांवर नुस्तेकान्नी (मासे विकणाऱ्या बायका) बसलेल्या असतात. चुकीचा मासा तिथे एका नजरेत पकडला जाईल.

घुमटाचंही तसंच. तो मडक्यासारखा काढतात. घुमट दोन्ही बाजूंनी उघडा असतो. रुंद तोंडावर कातडं, आणि मागचं अरुंद तोंड मोकळं, त्यावर डाव्या हाताने हवा दाबत-सोडत वाजवतात. ते मागचं तोंड काढलं नाहीत तर ते घुमट नव्हेच. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे, आता कायद्याने बंदी असल्यामुळे बकऱ्याचं चढवतात. म्हणून खवल्यांची नक्षी काढून "अस्सल" दाखवायच्या फंदात पडू नका.

कुणबी चौकटीचा मोहही पुष्कळांना होतो. लाल-पांढरी चौकट शर्टावर छापली की झालं गोंयकारपण. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडीला पुन्हा लोकांसमोर आणलं त्यात त्या कापडाच्या विणीचा मान होता. चौकट उभ्या-आडव्या धाग्यातून जन्मते. छापलेली चौकट त्या विणीची नक्कल होते, आणि वर जर्सी स्वतःच दगा देते. सिंगल जर्सीच्या सुताला पीळ असतो, दोन-तीन धुण्यांनंतर अंग एका बाजूला फिरतं आणि बाजूची शिवण पोटावर येते. साध्या चित्रात ते खपून जातं. चौकट मात्र लगेच तिरपी दिसते.

मग गोव्याचं काय घ्यावं? एकरंगी छपाईला कावीइतकं सोयीचं काही नाही. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर, तो ओला असताना टोकदार सळईने खरवडायचा आणि खालचा पांढरा चुना उघडा करायचा. रंग दोनच, तांबडा आणि पांढरा. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ही चित्रं आहेत. शर्टावर आणायची तर काळं कापड सोडा. चुन्यासारखा किंचित पिवळसर ऑफ-व्हाइट घ्या (निळसर झाक असलेला झगझगीत पांढरा नको) आणि त्यावर विटकरी तांबडा, पाण्याचा पिगमेंट, एका स्क्रीनमध्ये. इथे रेघ शाईची नसते, शाईतली फट ही रेघ असते. शाई पसरली की फट बुजते. म्हणून उलटी रेघ छापील रेघेपेक्षा जाड ठेवायची, किमान एक मिमी, चित्राच्या नाजूक भागात सव्वा. भिंतीवर खरवडलेली रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक होते. संगणकावर एकाच जाडीची काढलीत तर कावीचा जीव जातो.

ज्याचा अर्थ हरवला तरी जोर राहिला असंही एक उदाहरण आपल्याकडे आहे. रिवणजवळ उसगाळीमळला, कुशावतीच्या काठी, जांभ्यावर कोरलेलं वर्तुळाकार चक्रव्यूहाचं चित्र. शेजारी बैल आहेत, हरणं आहेत, ती ओळखू येतात. ते चक्र कशासाठी कोरलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तरी माणसं तिथे उकिडवी बसून बोटाने वाट शोधत राहतात. हे स्क्विजीबाबांच्या बाजूने जातं हे कबूल. पण ते शर्टावर घ्यायचं तर प्रत्येक वळण मोजून घ्या. एक वळण चुकलं तर वाट बंद पडते, आणि मग ती नुसती गोल गोल रेघ उरते.

आणि देवदेवतांचे चेहरे, क्रूस, सायबीण (मदर मेरी) छातीवर नकोत. शर्ट घामेजतो, उलटा करून धुतला जातो, शेवटी फडकं होऊन गाडी पुसतो. गणेशचतुर्थीची माटोळी घ्या त्याऐवजी. लाकडी चौकटीला टांगलेले नारळ, सुपारीचे घोस, केळी, तोरिंगं, आंबाडे. चौकट सरळ, खाली लोंबणारे आकार प्रत्येक वेगळे. नियमही आहे आणि अर्थही आहे. फक्त फळं ओळखू येतील अशी काढा.

कलम_बावन्न

हक्कांबद्दल थोडंसं, कारण गोव्याच्या शर्टांवर हीच चूक सर्वांत जास्त होते.

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं "गोव्याचीच आहेत" म्हणून उचलू नका. कलाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. ते २०११ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत. त्यांच्या शैलीत गर्दी काढणं वेगळं, पण त्यांची पात्रं जशीच्या तशी काढणं म्हणजे नक्कल.

पणजीतल्या फोंतेन्हासची घरं, पणजीची इमाक्युलेट कन्सेप्शन चर्च, अटल सेतू यांची चित्रं स्वतः काढायला हरकत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वास्तूचं चित्र काढायची मुभा आहे. पण इंटरनेटवरचा कुणाचा फोटो घेऊन त्यावर रेघ ओढलीत तर तो हक्क फोटोग्राफरचा. जुन्या कावीचंही तसंच. मूळ चित्राची मुदत कधीच संपली, त्याच्या फोटोची नाही. देवळात जाऊन, पुजाऱ्यांना विचारून, वहीत रेखाटन करा.

आणि स्वतःच्या चित्राची काळजी. कलम १५(२) म्हणतं की जे डिझाइन डिझाइन्स कायदा २००० खाली नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते कारखानदारी पद्धतीने ५० हून जास्त नगांवर काढलं की त्याचा कॉपीराइट संपतो. तुमचे ६० नग आहेत. शर्टावरच्या चित्राला हे कलम नेमकं कधी लागू होतं यावर वाद होतात, म्हणून चित्र मौल्यवान वाटत असेल तर वकिलाला आधी दाखवा. नोंदणी करायची तर ती बाजारात मांडण्याच्या आणि इन्स्टाग्रामवर टाकण्याच्या आधी करायची, कारण नोंदणीला डिझाइन नवं, अप्रकाशित लागतं.

रापणकार

सर्वांचे मनापासून आभार. दुसरं चित्र सोडलं. त्यातला माझा बांगडा अटलांटिकचाच निघाला.

पहिल्या चित्रातल्या ओळींचा मोह सुटत नाही. भागीदाराने सुचवलंय की त्यांना "अरबी समुद्राच्या लाटा" म्हणावं आणि कार्डवर तसं लिहावं. खाली देवनागरीत एक शब्दही टाकावा. हे चालेल?

स्क्विजी_फोंडा

मागाहून जोडलेल्या अर्थाला एकच कसोटी लावा. कार्डवरचं वाक्य खोडलं तर चित्रातली एखादी रेघ बदलावी लागते का? "लाटा"ऐवजी "सह्याद्रीचे डोंगर" लिहिलंत तरी तुमच्या ३२ ओळी तशाच राहतील. मग ते वाक्य चित्राचं नव्हे, कुठल्याही चित्राला डकवता येईल असं आहे. विचारणाऱ्यालाही ते जाणवतं.

पण समुद्राला ओळी आहेतच की. भरती-ओहोटी काढा. मुरगाव बंदराची भरती-ओहोटीची कोष्टकं दरवर्षी छापली जातात, रोजच्या वेळा आणि मीटरमध्ये उंची. एक ओळ म्हणजे एक दिवस, डावीकडे मध्यरात्र, उजवीकडे पुढची मध्यरात्र. ३० ओळी घ्या, एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत.

यात गंमत अशी की रचना तुम्हाला करावीच लागत नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. २८ सेंमी रुंदीत २४ तास बसवले तर ५० मिनिटं म्हणजे जवळपास एक सेंमी. म्हणजे प्रत्येक ओळीत उंचवटा एक सेंमी उजवीकडे सरकतो आणि सगळ्या शर्टभर तिरके पट्टे आपोआप उमटतात. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या असतात आणि त्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे एक पट्टा ठळक, एक मवाळ. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, तेव्हा ओळी उसळतात. अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती-ओहोटी), तेव्हा त्या जवळजवळ सपाट होतात. काळ्या शर्टावर वरून खाली उधाण, भांग, उधाण, भांग, उधाण. त्या पल्सरची आठवणही येणार नाही.

करायची रीत. कोष्टकात फक्त भरती आणि ओहोटीचे क्षण मिळतात, मधली वक्ररेषा कोसाइनने जोडा, सरळ रेघेने जोडलीत तर करवत दिसेल. काही दिवशी चारऐवजी तीनच क्षण असतात, कारण भरतीचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा आहे. तिथे गोंधळू नका, आदल्या आणि पुढच्या दिवसाच्या बिंदूपर्यंत रेषा नेऊन मध्यरात्रीवर कापा. दोन ओळींत एक सेंमी अंतर, आणि एक मीटर पाणी म्हणजे एक सेंमी उंची. उधाणाला साधारण दोन मीटरचा फरक पडतो, म्हणजे ओळ दोन सेंमी उसळेल. शेजारची ओळ तितकीच, तशीच वळते, म्हणून त्या एकमेकींना टेकत नाहीत, चार-एक मिमीची फट राहते. रेघ १.२ मिमी. एकूण उंची ३१ सेंमीच्या आसपास.

वर्तुळ मात्र सोडा. वर्तुळात कापलंत तर वरच्या-खालच्या दिवसांचे तास जातात आणि चित्र पुन्हा खोटं होतं. ३२ नाही, ३० ओळी. हौसेने एखादी ओळ "जरा बरी" दिसावी म्हणून हलवू नका.

कावीतांबडी

हे फार आवडलं. कार्डवर दोनच ओळी पुरेत: बंदराचं नाव, कुठल्या पौर्णिमेपासून कुठल्या पौर्णिमेपर्यंत, आणि "एक ओळ, एक दिवस". 'समुद्राचा श्वास' वगैरे लिहू नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्याला शर्ट दाखवा, तो बोट ठेवून उधाण कुठलं, भांग कुठली ते सांगेल. पर्यटकाला नाही कळलं तरी पट्टे सुंदर दिसतीलच.

शब्द टाकायचाच असेल तर 'उधाण' पुरे. चित्राच्या खाली, उजवीकडे, अक्षराची उंची १२ ते १५ मिमी.

काळी_जर्सी

देवनागरी अक्षर छापखान्यात कसं बिघडतं ते सांगतो, कारण छापून झाल्यावर ते दुरुस्त होत नाही.

इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई भाषांसाठीचा कंपोझर चालू नसेल तर वेलांट्या सरकतात आणि जोडाक्षरं फुटतात. 'उधाण'मध्ये जोडाक्षर नाही म्हणून वाचाल, पण कार्डवरचं 'पौर्णिमा' तपासा. रफार आणि पहिली वेलांटी तिथेच उड्या मारतात. फाइल देताना अक्षरांची आउटलाइन करा (फाँटचं रूपांतर आकारांत), आणि मग सगळे आकार एकत्र जोडा. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. नुसती आउटलाइन करून दिलीत तर काही सॉफ्टवेअर त्या चढलेल्या जागी भोक पाडतं आणि शिरोरेखेत काळ्या चिरा दिसतात. जोडल्यावर चारशे टक्के मोठं करून शिरोरेखा टोकापासून टोकापर्यंत बघा. फाँट मध्यम जाडीचा घ्या. फार बारीक घेतला तर 'ध'ची गाठ शाईने भरते.

आता शाईचं. प्लास्टिसॉल वापरणार असाल तर शाईचा पूर्ण थर १६० अंशांना पोचला पाहिजे, यंत्राचा आकडा १६० दाखवतो म्हणजे शाई पोचली असं नाही. पावसाळ्यात इथलं कापड ओलसर असतं, सुरुवातीची उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते आणि शाई आतून कच्ची राहते. छापण्याआधी प्रत्येक शर्ट हीट प्रेसखाली पाच सेकंद धरा. छापून थंड झाल्यावर ओळ आडवी ताणा. तडा गेला तर ती कच्ची आहे, पुन्हा भाजा. इमल्शनसुद्धा (स्क्रीनवर लावायचा प्रकाशसंवेदी थर) दमट हवेत सुकत नाही. वरून कोरडं वाटतं, आत ओलं असतं, आणि धुताना बारीक ओळी सुटून येतात. बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावून रात्रभर ठेवा.

दुसरा पर्याय डिस्चार्ज. कापडाचा काळा रंगच काढून टाकायचा. ओळी कापडासारख्याच मऊ राहतात, आपल्या हवेला ते सर्वांत चांगलं. पण कापड शंभर टक्के कॉटन आणि रिॲक्टिव्ह रंगाचं लागतं, मालवाल्याला तसं विचारून घ्या. प्रत्येक काळा सारखा उतरत नाही, काही तांबूस होतात, म्हणून त्याच गठ्ठ्यातल्या एका शर्टावर आधी करून बघा. मिसळलेली शाई काही तासांतच निकामी होते, तेव्हा लागेल तेवढीच कालवा. भाजताना उग्र वास येतो आणि ती वाफ छातीत जाऊ द्यायची नाही, बाहेर टाकणारा पंखा हवाच. विकण्याआधी शर्ट एकदा धुवा.

रापणकार

ठरलं. मुरगावची ३० दिवसांची कोष्टकं घेऊन ओळी काढतो, डिस्चार्जची चाचणी एका शर्टावर, ती तांबूस आली तर प्लास्टिसॉल. शेवटचं एकच: एस आणि डबल एक्सएलला चित्राचं माप एकच ठेवू का?

स्क्विजी_फोंडा

दोन पॉझिटिव्ह काढा. एस आणि एमला २५ सेंमी रुंद, एल आणि त्यापुढे २८. लहान करताना सगळं एका प्रमाणात करा, म्हणजे तास आणि मीटर यांचं नातं बिघडत नाही, पण रेघ परत १.२ मिमीवर आणा, ती आपोआप बारीक झालेली असते. 'उधाण'ची उंचीही तपासा. वरची ओळ गळ्याच्या शिवणीखाली सात ते आठ सेंमीवर. त्याखाली गेली की भांगेच्या सपाट ओळी नेमक्या पोटावर येतात आणि ताणल्या जातात. पहिले दोन नग, एक एस आणि एक डबल एक्सएल, चार-पाच वेळा धुवून वाळवून मग बाकीचे ५८ छापा.